क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक, पेट्रोल आयव्हीटी की हायब्रिड? गणित करून डोकं बंद पडलंय

कळंबेकर_१३

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

घरी २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे, १ लाख ६८ हजार किमी झालेत. गाडीनं कधी दगा दिला नाही पण आता क्लच गेलाय, सस्पेन्शन कडकड वाजतंय, आणि मुख्य म्हणजे वडिलांचे दोन्ही गुडघे दुखतात. स्विफ्टमध्ये बसताना त्यांना अक्षरशः खाली सोडावं लागतंय आणि उतरताना दाराला धरून ओढून काढावं लागतंय. म्हणून उंच बसायची गाडी पाहिजे, आणि ऑटोमॅटिकच पाहिजे, कारण बायको पण चालवणार आणि तिला क्लचचा कंटाळा आलाय.

घरात आम्ही पाच जण. मी, बायको, दोन पोरं आणि वडील. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला, राहायला कळंब्याला. बायकोचं माहेर कणकवली, त्यामुळं राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट हा आमचा ठरलेला रस्ता, वर्षातनं पाच-सहा वेळा. पुण्याला भाऊ असतोय, दोन-तीन महिन्यांतनं एकदा तिकडं. वर्षाला १२ हजार किमी तरी होत असतील असा अंदाज.

बजेट ऑनरोड १८, लईच ओढूनताणून साडेअठरा. आता डोक्यात असलेल्या गाड्या अशा: क्रेटा ईएक्स (ओ) डिझेल ऑटोमॅटिक, नाहीतर तेवढ्याच पैशात क्रेटा पेट्रोल आयव्हीटी (म्हणजे सीव्हीटी, पायऱ्यांशिवायचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) वरच्या ट्रिमची (जास्त सोयींचं मॉडेल), नाहीतर ग्रँड विटारा किंवा हायरायडरचं स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेलं; हे बजेटच्या जरा बाहेर जातंय). तीन शोरूम फिरलो, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला साहेब डिझेल संपलं आता, दुसरा म्हणाला डिझेलच घ्या घाट आहे तुम्हाला, तिसरा म्हणाला हायब्रिड घ्या २८ चं मायलेज आहे, पेट्रोल पंपाचं तोंड विसराल.

पोरांना मोठं सनरूफ पाहिजे. बायको म्हणते काहीही घ्या पण या वर्षात घ्या.


उद्यमनगर_लेथ

भावा आधी पैशाचं बोलू, मग बाकीचं. मी लेथवर जगतोय, मापाशिवाय मला कळत नाय.

पेट्रोल १०५ धर, डिझेल ९१ धर. कागदावरचं मायलेज बाजूला ठेव, क्रेटा आयव्हीटीचं कागदावर १७.७ हाय आणि डिझेल ऑटोमॅटिकचं १९.१, पण गावात आणि हायवेला मिळून हातात येतंय ते पेट्रोलला १२, डिझेलला १६, आणि हायब्रिडला २१ धरायला हरकत नाय. १२ हजार किमीला पेट्रोलचा वर्षाचा खर्च १ लाख ५ हजार. डिझेलचा ६८ हजार. हायब्रिडचा ६० हजार. म्हंजे डिझेल वर्षाला ३७ हजार वाचवतंय आणि हायब्रिड ४५.

आता दुसरी बाजू. त्याच ट्रिमला डिझेल साधारण दीड लाखानं महाग. वर महाराष्ट्रात आरटीओचा टॅक्स १० ते २० लाखाच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के, हे शोरूमवाला आपणहून कधी सांगत नाय. १४ लाखाच्या पेट्रोलला १ लाख ६८ हजार आणि साडेपंधराच्या डिझेलला २ लाख १७ हजार, म्हंजे इथंच आणखी पन्नास हजार गेले. असा फरक दोन लाखाचा झाला. ३७ हजारानं भागलं तर साडेपाच वर्षं. हायब्रिडला टॅक्स पेट्रोलचाच लागतोय पण गाडीच अडीच-तीन लाखानं महाग पडतीय, तिथं पण सहा-साडेसहा वर्षं.

तुझी स्विफ्ट बारा वर्षं टिकलीया म्हंजे तू गाडी लवकर विकणारा माणूस नाय. मग माझ्या मतानं डिझेल. साधा विषय हाय, २५० एनएम टॉर्क हाय त्यात. पेट्रोलला १४४. पाच माणसं, डिकीत सामान आणि फोंडा घाट, तवा कळतंय टॉर्क कशाला म्हंत्यात ते.


राजारामपुरी_९वी_गल्ली

दोन वर्षं हायरायडर स्ट्राँग हायब्रिड चालवतोय, म्हणून खरं खरं सांगतो, जाहिरात नाही.

गावात ही गाडी म्हणजे नाद खुळा. दसरा चौक ते सीबीएस ते तावडे हॉटेल, सगळा सिग्नलचा रस्ता, इंजिन निम्म्या वेळा बंदच असतं. गावातलं मायलेज मला २२ ते २४ पडतं. हायवेला शंभरच्या वर ठेवली की १८-१९ वर येतं, म्हणजे बाकी गाड्यांच्या बरोब्बर उलटं. कागदावर २७.९७ आहे, तो आकडा मी फक्त एकदा पाहिला, तो पण रात्री रंकाळ्याला चक्कर मारताना.

घाटाचं मात्र नीट समजून घ्या. हायब्रिडची बॅटरी लहान असते, एक युनिटसुद्धा नाही, ०.७६ किलोवॅट अवर. ब्रेक मारताना आणि उतारावर भरते, चढाला रिकामी होते. तुम्ही कणकवलीहून परत येताना फोंडा चढायला लागला की पहिली काही वळणं मस्त जातात, मग बॅटरी खाली येते आणि सगळा भार तीन सिलिंडरच्या इंजिनावर पडतो. गाडी थांबत नाही, चढते, पण इंजिन असं ओरडतं की पहिल्यांदा आईनं विचारलं काय मोडलं काय रे. सवय होते. उतरताना उलटं, बॅटरी भरली की ब्रेकमधनं भरणं थांबतं, तेव्हा गिअर बी वर टाकायचा, इंजिन ब्रेकिंग चांगलं मिळतं.

आणि डिकी. बॅटरी मागं असते म्हणून डिकी माइल्ड हायब्रिडपेक्षा (त्याच गाडीचं लहान बॅटरीचं स्वस्त मॉडेल) बरीच लहान होते, ग्रँड विटाराला पण तसंच. तुमची सासुरवाडी कणकवली म्हणताय म्हणजे मे महिन्यात आंब्याच्या पेट्या येणार. शोरूमला जाताना एक रिकामी पेटी घेऊन जा, हसतील हसू देत. मी तर मेजरिंग टेप घेऊन गेलो होतो.

बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी आहे, त्यामुळं ती भीती मनातनं काढा.


तांबडा_पांढरा

डिझेल घेण्याआधी माझी कहाणी वाचा, मग ठरवा.

गाडीचं नाव घेत नाही, इथं उगं ब्रँडवरनं हाणामारी नको. डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, बीएस ६. दुकान शाहूपुरीत, घर तिथनं चार किमी. सकाळी जायचं, दुपारी जेवायला यायचं, परत जायचं, रात्री यायचं. म्हणजे दिवसाला चार वेळा इंजिन सुरू आणि एकदा पण नीट गरम नाही. सातव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, नळकांड्यात ठिपके असल्यासारखं चित्र. मी म्हटलं सर्व्हिसिंगला दाखवू, महिना तर राहिलाय. पंधरा दिवसांनी गाडीनं ताकदच सोडली, अॅक्सिलरेटर दाबला तरी ५०-६० च्या वर जाईना.

डीपीएफ चोक झालेला. डिझेलच्या धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठती आणि ती जाळायला सायलेन्सर लई गरम व्हावा लागतोय, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं सलग एका चांगल्या वेगात गाडी पळाली पाहिजे. माझी कधी पळलीच नाही. सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप लावून जाळून घेतली काजळी, बिल माझ्या नावावर, कारण हे वॉरंटीत बसत नाही म्हणे, 'साहेब तुमचा वापरच चुकीचा आहे'. घेताना कोण बोललं नाही वापर चुकीचा आहे म्हणून.

त्यानंतर दर रविवारी किणी टोलनाक्याच्या अलीकडपर्यंत एक फेरी, गिअर खाली ठेवून, दोन हजाराच्या वर आरपीएम. बायको म्हणते लोक कुत्र्याला फिरवतात तुम्ही गाडीला फिरवताय. गेल्या वर्षी विकून टाकली.

तर प्रश्न एकच, तुमची गाडी रोज नक्की कोण चालवणार आणि किती लांब? ते तुम्ही लिहिलंच नाही.


इचलची_सूनबाई

मी एलिव्हेट सीव्हीटी चालवतो, दीड वर्ष झालं. (हो, बाई आहे, आणि 'चालवतो'च म्हणणार, पुण्यामुंबईच्या लोकांनी व्याकरण काढू नये.)

लेखकांनी एलिव्हेट यादीत का नाही घेतली ते कळलं नाही. ग्राउंड क्लिअरन्स २२० एमएम, डिकी ४५८ लिटर, आंब्याच्या पेट्यांचा प्रश्नच नाही. इंजिन साधं, टर्बो नाही, हायब्रिड नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही. मायलेज इचलकरंजी-कोल्हापूर रोज केलं की १४, नुसतं गावात ११. मोठं सनरूफ मिळत नाही, लहान आहे, पोरांना नाराज करावं लागेल.

पण मला सांगायचंय ते अडासबद्दल (कॅमेरा आणि रडारवर चालणारी, ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा). सगळेजण वरची ट्रिम घेतात ती अडाससाठी, क्रेटात ते एसएक्स टेक आणि एसएक्स (ओ) ला येतं, माझ्यात झेडएक्सला आहे. पुण्याच्या रस्त्याला छान वाटतं, लेनमध्ये ठेवतं, पुढच्या गाडीमागं आपोआप वेग कमी करतं. ते सुद्धा आता सहापदरीकरणाचं काम चाललंय तिथं पांढऱ्या पट्ट्याच नाहीत त्यामुळं निम्मा रस्ता लेनचा भाग गप्पच असतो.

आणि आपल्याकडं नोव्हेंबर ते मार्च काय असतं? ऊस. रात्री साडेआठला हातकणंगल्याच्या पुढं एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या मागं चार-पाच फूट बाहेर आलेली. समोरनं ट्रकची लाइट डोळ्यावर. तिथं कॅमेरा आणि रडारच्या भरवशावर कोण राहत असेल तर त्यानं राहावं, मी ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतो. ऊस वाहायच्या अंगद गाड्या (ट्रॅक्टरला जोडलेल्या) आणि बैलगाड्यांचं तर विचारूच नका. म्हणून माझं मत, आपल्या भागात अडासच्या पैशापेक्षा चांगल्या हेडलाइटचे पैसे द्या. टेस्ट ड्राइव्ह रात्री मागून घ्या. शोरूमवाले आधी नाही म्हणतात, मग देतात.


पन्हाळा_धुकं

सूनबाई शंभर टक्के बरोबर. रात्रीची टेस्ट ड्राइव्ह कोणच घेत नाही.

ट्रिमबद्दल माझं एक साधं गणित आहे. जे नंतर बसवता येत नाही त्याला पैसे द्यायचे, जे बाहेर मिळतं त्याला द्यायचे नाहीत. एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), मागचे डिस्क ब्रेक, गिअरबॉक्स हे नंतर बसत नाही. आणि क्रेटामध्ये सहा एअरबॅग, ईएससी, चारी चाकांना डिस्क हे सगळ्यात खालच्या ट्रिमपासूनच आहे, त्यामुळं जिवाच्या दृष्टीनं खालची ट्रिम घेतली म्हणून काय कमीपणा येत नाही. सीट कव्हर, स्पीकर, मॅट, ही सगळी शोरूमच्या निम्म्या किमतीत लक्ष्मीपुरीत बसवून मिळतात. फक्त वायर कापायला देऊ नका, कपलर टू कपलर बसवा, वायर कापली की वॉरंटीवाले हात वर करतात.

१७ इंची अलॉयच्या पण मागं लागू नका. १६ ला टायरची जाडी जास्त, आपल्या खड्ड्यांना तेच बरं, आणि टायर बदलायला गेलात की पैशाचा फरक कळतो.

सनरूफ: कोल्हापुरात चार महिने पाऊस, चार महिने ऊन, राहिलेल्या चार महिन्यांत धूळ. पोरं पंधरा दिवस डोकं बाहेर काढतील (काढू देऊ नका, एका ब्रेकमध्ये काय होईल सांगता येत नाही) आणि मग तो पडदा बंद तो बंदच. पण ईएक्स (ओ) ला पॅनोरामिक येतंयच म्हणा, तर भांडण मिटलं.


उद्यमनगर_लेथ

लक्ष्मीपुरीत कुठं ते पण सांग की, का धुक्यातच ठेवणार.


गगनबावडा_चेकनाका

सगळ्यांनी क्रेटा क्रेटा लावलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासनं जीएसटी बदललाय ते विसरला काय? चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल १२०० सीसी पर्यंत नाहीतर डिझेल १५०० सीसी पर्यंत, तिला १८ टक्के. बाकी पेट्रोल-डिझेल सगळ्यांना ४०. क्रेटा, विटारा, एलिव्हेट सगळ्या ४० मध्ये. नेक्सॉन डिझेल नाहीतर थ्रीएक्सओ डिझेल बघा, दोन्ही १४९७ सीसी, दोन्ही १८ टक्क्यांत बसतात, दोन्हीला ऑटोमॅटिक मिळतंय (दोन्हीचं एएमटी आहे, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच आपोआप दाबणारा, जरा झोके देतंय). गंमत बघा, ब्रेझा लांबीनं आत आहे पण इंजिन १४६२ सीसी पेट्रोल म्हणून ४० मध्येच. बजेट १८ असेल तर यातली टॉपची ट्रिम घेऊन दोन लाख खिशात राहतील.

करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा सगळा लोंढा फोंड्याला वळला होता, त्या काळात मी ड्युअल क्लचच्या (डीसीटी) ऑटोमॅटिक गाडीनं तिकडनं तीनदा आलोय. ट्रकच्या मागं पहिल्या गिअरात सरकत सरकत चढायचं, तिसऱ्या वेळी स्क्रीनवर गिअरबॉक्स गरम झाला, गाडी थांबवा असा मेसेज. वीस मिनिटं दरीकडं बघत उभा. त्यामुळं टर्बो पेट्रोल डीसीटीच्या कितीही १६० पीएसच्या गप्पा कोण मारल्या तरी घाटात ट्रॅफिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलावर चालणारा ऑटोमॅटिक) नाहीतर सीव्हीटी. क्रेटा डिझेलला ६ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरच आहे, तेवढं चांगलं.


कळंबेकर_१३

सगळ्यांचे आभार, एवढं कोण लिहील असं वाटलं नव्हतं.

तांबडा_पांढरा, तुमचा प्रश्न वाचला आणि जरा गप्पच बसलो. खरं सांगायचं तर मी रोज बाइकनं जातो कामावर, पाऊस असला तरच गाडी. गाडी रोज बायको वापरणार, पोरांना मंगळवार पेठेत शाळेत सोडायचं, आणायचं, क्लासला न्यायचं. एका वेळेला तीन, फार तर चार किमी. म्हणजे तुमच्यासारखंच.

चार मीटरच्या आतल्या गाड्यांचं बरोबर आहे, पण मागं तिघं बसणार, त्यात वडिलांना पाय लांब करायला लागतात, म्हणून मोठीच पाहिजे. एक बघितली, वडील बसल्यावर पुढची सीट सरकवावी लागली आणि मग माझे गुडघे डॅशबोर्डला.

पण १२ हजार किमी तरी होतीलच की?


तांबडा_पांढरा

कशावरनं १२ हजार? मीटरला वर्षांनी भागलं ना? सगळे तसंच करतात. शेवटच्या तीन-चार सर्व्हिसच्या पावत्या काढा, त्यावर किमी आणि तारीख असते. मग सांगा.


कळंबेकर_१३

पावत्या काढल्या. घरच्यांनी फाइल जपून ठेवली होती म्हणून सापडल्या.

पहिली सहा-सात वर्षं मी सांगलीला कामाला होतो, रोज ये-जा, ते सगळे किमी त्यात आहेत. कोरोनानंतर इथं आलो. गेल्या तीन वर्षांचा हिशोब ८३००, ७९००, ८१००. म्हणजे आठ हजार. बारा कुठनं आणले होते मलाच कळत नाही.


उद्यमनगर_लेथ

मग सगळं परत मोजावं लागतंय की भावा. ८ हजार किमीला पेट्रोल ७० हजार, डिझेल ४५ हजार ५००, हायब्रिड ४० हजार. डिझेल वर्षाला साडेचोवीस हजारच वाचवतंय. दोन लाखाला आठ वर्षं. हायब्रिड ३० हजार वाचवतंय, तीन लाखाला दहा वर्षं. आणि डिझेलला वर आणि त्या डीपीएफची दर रविवारची फेरी, तिचं डिझेल कोण देणार.

मी माझा शब्द मागं घेतो. पेट्रोल घे. घाटाला आवाज करंल, करू दे. वर्षातनं सहा वेळा आवाज ऐकायला लागू नये म्हणून दोन लाख कोण घालतंय.


राजारामपुरी_९वी_गल्ली

तीन किमीच्या फेऱ्यांना हायब्रिडच योग्य हे मी अजून म्हणतो, इंजिन कमी चालतं. पण पैशाचं गणित लेथवाल्यांचं बरोबर आहे, मी पण पैसे वाचवायला नाही, ती शांत चालते म्हणून घेतली. हे सरळ कबूल करावं माणसानं.


पंचगंगा_४३_फूट

गाडी कुठलीही घ्या, इन्शुरन्सचं माझं ऐका. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता ते आठवतंय का. माझ्या मित्राची गाडी पार्किंगमध्ये उभी होती, चाकाच्या वरपर्यंत पाणी. पाणी उतरल्यावर त्यानं काय केलं, किल्ली फिरवली. इंजिनात पाणी शिरलेलं, कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या पॉलिसीत हे धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्ट नावाचं अॅड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. त्यानं शोरूमवाल्यानं दिली ती पॉलिसी डोळे झाकून घेतली होती. पाण्यात बुडालेली गाडी चालूच करायची नाही, टो करून न्यायची, हे बायकोला आणि पोरांना पण सांगून ठेवा.

आणि पॉलिसी शोरूमचीच घ्यायची सक्ती नसते. बाहेरनं कोटेशन काढा, तेच कव्हर, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट धरून, मग शोरूमला दाखवा. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते, त्यात घासाघीस नाही, घासाघीस ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) भागात असते. मला दाखवल्या दाखवल्या सोळा हजार कमी केले.


इचलची_सूनबाई

हँडलिंग चार्जेस म्हणून पण एक ओळ असते कोटेशनमध्ये, ती बघा. मी काउंटरवर बसून विचारलो, कसलं हँडलिंग ते लिहून द्या. लिहून दिलं नाही, ओळ गेली.

आणि १ टक्का टीसीएस (शोरूम गाडी विकताना वसूल करतं तो आयकर) भराल, दहा लाखाच्या वरच्या गाडीला लागतोच, तो रिटर्न भरताना करात वळता होतो नाहीतर परत मिळतो. पावती जपा. घरच्यांकडं द्या, त्या फाइल करतात असं दिसतंय.


कळंबेकर_१३

बारा दिवसांनी लिहितोय. काल वडिलांना घेऊन गेलो शोरूमला, आणि आंब्याची पेटी पण नेली (हसले). वडील क्रेटात आधी पाठ टेकून बसले, मग एकेक पाय आत घेतला, कुणाला धरलं नाही. उतरताना पण. ते बघितल्यावर बाकीचं निम्मं ठरलं होतं. एलिव्हेटमध्ये पण तसंच बसले, पण घरात मतदान झालं, सनरूफचे दोन मत एका बाजूला गेले.

आयव्हीटीची टेस्ट ड्राइव्ह पन्हाळ्याच्या चढाला मागितली, आम्ही पाच जण आणि सेल्सवाला, म्हणजे एक पोरगं मांडीवर. तसं बसवायला नको होतं, माहीत आहे. चढाला पूर्ण दाबली की इंजिन ओरडतं आणि गाडी मागनं हळू येते, लेथवाले म्हणाले तसंच. पॅडलनं गिअर धरून ठेवला की बरं वाटतं. बायको म्हणाली स्विफ्टमध्ये मी दुसरा गिअर टाकताना तुमचा जीव वर-खाली होत होता, त्याच्यापेक्षा हे बरं. रात्रीची ड्राइव्ह पण दिली शेवटी, शाहूवाडी रोडला थोडं गेलो. हेडलाइट ठीक आहेत, फार भारी नाहीत.

ईएक्स (ओ) पेट्रोल आयव्हीटी बुक केली. वाचलेल्या पैशातनं वरची ट्रिम घ्यायचा मोह झाला होता, सेल्सवाल्यानं थंड हवेच्या सीटवर बसवलं होतं मुद्दाम. वडील म्हणाले माझा पंखा घरी आहे.

इन्शुरन्स बाहेरनं काढला, इंजिन प्रोटेक्टसकट. हँडलिंगची ओळ विचारल्यावर गेली, सूनबाई धन्यवाद. एकच राहिलं, अॅक्सेसरीज किट म्हणून अठ्ठावीस हजार लावलेत, म्हणतात सगळ्या गाड्यांना कंपल्सरी आहे. आहे का?


पन्हाळा_धुकं

नाही. कंपल्सरी काही नसतं. किटमध्ये काय काय आहे त्याची यादी मागा, मॅट आणि मडफ्लॅप तेवढं ठेवा, बाकी काढायला लावा. नाही म्हणाले तर बुकिंग कॅन्सलचा फॉर्म मागा, हातात फॉर्म दिसला की मॅनेजर केबिनमधनं बाहेर येतो.


उद्यमनगर_लेथ

मॅट पण नको. लक्ष्मीपुरी. धुकं अजून पत्ता द्यायलाय.


पन्हाळा_धुकं

मेसेज केलाय, बघ की इनबॉक्स.